बाग, बागाईत आणि प्रतापगडचा पायथा

प्रतापगडावर महाशिवरात्रीच्या यात्रेत गेलो की खालचे खोरे पाहायला सवड मिळत नाही. महादेवाचे दर्शन, दर्गा, गर्दी, आणि मग परतीची घाई. एरवीच्या दिवशी गेलो तेव्हा मात्र पायथ्याकडे पाहताना आम्हाला छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा आठवला. तुलना विचित्र वाटेल, पण तिला कारण आहे.

दिलरस बानू बेगमेचे 1657 मध्ये निधन झाले आणि तिच्यासाठी हा मकबरा उभा राहिला. तिथे आपण घुमटाकडे पाहत चालतो, वास्तविक पायांखाली असते ती चारबाग : भिंतींनी बंदिस्त केलेला आयत, मधून जाणारे पाट, कारंजी, वाटांनी पाडलेले चौकोन. स्वर्गातील चार नद्यांची ही कल्पना मुघलांनी मध्य आशियातून आणि इराणातून आणली. कोरड्या मुलखात पाणी हाच स्वर्ग! फुले नंतरची.

मराठीने हे मर्म भाषेतच जपले आहे. फारसी 'बाग' आपल्याकडे आला आणि ओलिताच्या जमिनीला आपण 'बागाईत' म्हणू लागलो. पावसावर विसंबून असलेली ती जिराईत. म्हणजे बाग ओळखायची ती फुलांवरून नव्हे, पाण्यावरून.

या कसोटीने पाहिले तर प्रतापगडचा सारा परिसरच बाग ठरतो. जवळच नवेगावबांध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. भोवतीच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि त्यांतल्याच एकावर कोलू पाटील 'कोलासुर देव' होऊन बसले आहेत. मुघल बागेला भिंत लागते, इथे ते काम डोंगरांनी केले. माणसाने फक्त डोंगरांमधली फट पाळ घालून बुजवली. पाळीतून खाली सोडलेले पाणी उतारानेच एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. जादा पाण्याला सलंगावरून वाट. कारंजे नाही, सममिती नाही, पण योजना तितकीच नेमकी. आम्हाला तर अधिक नेमकी वाटते, कारण तिच्यावर धान आणि ऊस पिकत असे.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. पण तलाव 'माजी मालगुजारी' या कागदी नावाने सरकारकडे आले, आणि पाळ कधी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, हे ठरवणारी गावची व्यवस्था मात्र विस्कटली. आज नवेगावला येणारा पर्यटक जलाशयाकाठी फोटो काढतो आणि जातो. पाळीवर उभे राहून त्याने पाठ फिरवली, तर बाग समोर दिसेल. तलावाच्या उलट बाजूला, खाली.