उंबरठ्यावरचा कुत्रा

२० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांबाबत एक आदेश दिला. मूळ याचिका २००६ सालची, म्हणजे सोळा वर्षे हा प्रश्न कोर्टात होता. आदेशाचा गाभा असा: नागपुरात कोणीही सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे नाही. ज्याला त्यांचा कळवळा आहे त्याने कुत्रा दत्तक घ्यावा, घरी न्यावा, महापालिकेत नोंद करावी आणि मग काय ते प्रेम करावे. नियम मोडला तर २०० रुपयांपर्यंत दंड. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या सक्तीला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्याने कुत्रा दत्तक घेतलाच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले.

आदेश थांबला. पण "एवढाच पुळका असेल तर घरी घेऊन जा" हे वाक्य आपल्या शहरात आजही गल्लोगल्ली ऐकू येते. या वाक्याला मोठा इतिहास आहे. त्यात जगातले कुत्रे दोनच प्रकारचे धरलेले असतात: एक मालकाचा आणि दुसरा बेवारस. आपल्याकडे शतकानुशतके तिसराही एक प्रकार होता, तो म्हणजे मोहल्ल्याचा कुत्रा. तो कोणा एकाचा नसे आणि अगदी कोणाचाच नाही असेही नसे. शिळी भाकरी एका घराची, सावली दुसऱ्या घराची, आणि रात्रीची राखण सगळ्या गल्लीची.

हा तिसरा प्रकार सरकारी कागदावर बसेना, याचे पहिले मोठे प्रकरण मुंबईत घडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याचा नियम केला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने पकडणारे लोक घरांच्या आसपासचे कुत्रेही मारू लागले. ६ जून १८३२ रोजी पारशांचा संयम सुटला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी, असा त्यांचा 'सगदीद' नावाचा विधी आहे. यातला 'सग' म्हणजे फारसीत कुत्रा, उर्दू वाचणाऱ्यांना तो ओळखीचाच. संतापलेल्या जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, त्यात पारशांबरोबर इतर समाजांचे लोकही होते. फौज बोलवावी लागली. पुढे कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावेत यावर तडजोड झाली. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली, ती याच काळात.

दुसरी गोष्ट इस्तंबूलची. तुर्की भाषेत गल्लीला 'महल्ले' म्हणतात. मूळ शब्द अरबी, आपला 'मोहल्ला' तोच. त्या शहरातले कुत्रेही महल्ल्याचे असत आणि लोक त्यांना पुण्य म्हणून खाऊ घालत. १९१० साली शहराला युरोपसारखे करायला निघालेल्या सरकारने हजारो कुत्रे बोटींत भरून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन सोडले. तिथे ते तहानेने आणि उपासमारीने मेले. मुसलमान देशात असे कसे झाले, असा प्रश्न पडेल. उत्तर सरळ आहे: फर्मान सुधारणेच्या नावाने निघाले होते, धर्माच्या नावाने नव्हे.

आता "घरी घेऊन जा" या वाक्याकडे येऊ. गल्लीतला कुत्रा घरात आणला की नेमके काय होते, हे तो आणणाऱ्यालाच कळते. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत त्याची जगाशी ओळख होते. त्या काळात जे दिसले ते आपले, जे दिसले नाही ते संशयाचे. गल्लीतला कुत्रा परका दिसला की भुंकतो, अंतर राखतो, जमले नाही तर पळतो. गळ्यात पट्टा आणि हातात दोरी आली की पळायची वाट बंद होते. मग तोच भित्रा जीव स्कूटर, डिलिव्हरीवाला, दुसरा कुत्रा, सगळ्यांवर झेपावतो. अशा कुत्र्याला हल्ली 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणतात. शेजारी मात्र त्याला 'चावरा' म्हणतात आणि लिफ्टमध्ये आपल्याबरोबर यायचे टाळतात.

भुंकतो म्हणून फिरणे कमी होते. नसबंदीनंतर त्याला अन्न कमी लागते, पण ताटातला घास कमी होत नाही. त्यात आपले नागपूर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात. फिरायला दोनच वेळा उरतात: फजरनंतर आणि इशाच्या नमाजनंतर. रमजानमध्ये सहरीच्या वेळी सगळा मोहल्ला जागा, म्हणजे भुंकायला निमित्तांची कमी नाही. बकरी ईदला येणारे-जाणारे प्रेमाने हाड आणि चरबी टाकतात. शिजवलेले हाड तुटून आतड्यात रुततं आणि चरबीने पचन बिघडतं, हे प्रत्येक पाहुण्याला नव्याने सांगावे लागते. बघता बघता गल्लीतला सडपातळ गडी गादीसारखा होतो. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून या शहरात आहे. जनावरांचे कोणतेही डॉक्टर आधी बरगड्यांवरून हात फिरवतात. हाताला बरगड्या लागल्या नाहीत तर वजन जास्त, एवढी साधी ती परीक्षा आहे.

मुसलमान घरात याशिवाय आणखी एक प्रश्न असतो, आणि तो टाळून चालणार नाही. घरात कुत्रा असेल तर फरिश्ते येत नाहीत, ही हदीस प्रत्येक नातेवाईक ऐकवतो. शिकार, गुरे आणि शेतीची राखण यांसाठी कुत्रा ठेवायला परवानगी आहे, हेही हदीसमध्येच आहे. फिकहमध्येही एकच मत नाही. आपल्या विदर्भात बहुसंख्य लोक हनफी. त्यांच्या मान्य मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक, पण कोरडी कातडी नव्हे. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्याकडे नियम अधिक कडक. मालिकी मतात कुत्रा मुळात पाकच. म्हणून बऱ्याच घरांत मधला मार्ग निघतो: कुत्रा व्हरांड्यात, नमाजची जागा वेगळी, भांडी वेगळी. यात कुत्र्याचा अपमान नाही आणि दीनचीही हेळसांड नाही.

आपल्या इतिहासात कुत्र्याची बाजू घेणारेही होऊन गेले. बगदादच्या इब्न अल-मरजुबान याने दहाव्या शतकाच्या आरंभी एक छोटे पुस्तक लिहिले. कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे श्रेष्ठ आहेत, असे त्याच्या नावातच म्हटले आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या बदनाम बाईला माफी मिळाल्याची हदीस तर लहान मुलांनाही ठाऊक असते. तिने त्याला घरी नेले नव्हते, विहिरीपाशीच पाणी पाजले होते. मराठी मुलखातही दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेत आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत.

२०२३ साली केंद्र सरकारने जे नवे प्राणी जन्मनियंत्रण नियम केले, त्यांत मालक नसलेल्या कुत्र्यांना समाजाचे प्राणी म्हटले आहे आणि खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरवण्याचे काम वस्तीतल्या लोकांवर सोपवले आहे. म्हणजे कागदावर हरवलेला मोहल्ल्याचा कुत्रा जवळजवळ दोनशे वर्षांनी कागदावर परत आला. दुसरीकडे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातले कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. शिक्षक म्हणून मला यामागची भीती समजते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावा घेतला जातो त्यांत लहान मुलेही पुष्कळ असतात.

पण भीतीवर उपाय कोणता, हे इतिहासात दिसते. मारून मुंबई शांत झाली नाही. लसीकरण आणि नसबंदी नेटाने, वर्षानुवर्षे झाली तरच फरक पडतो, आणि ते काम महापालिकेचे आहे. "घरी घेऊन जा" म्हटल्याने ते होत नाही. ज्याला दत्तक घेणे जमते त्याने जरूर घ्यावे, पण पुढची दहा-बारा वर्षे तराजू, दोरी आणि शेजाऱ्यांची बोलणी सांभाळायची तयारी ठेवून.

जुम्म्याला आपण सूरह कहफ वाचतो. गुहेत झोपलेले ते तरुण किती होते यावर लोकांत वाद होता: कोणी तीन म्हणे, कोणी पाच, कोणी सात. नक्की आकडा अल्लाहच जाणे. पण तिन्ही हिशोबांत उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा धरलेला आहे. त्याला कोणी आत ओढले नाही, हाकललेही नाही.