रायपूरची मराठी पाऊलवाट

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. आत गणेशोत्सवाची आरती, मराठी नाटकाची तालीम. फाटकाबाहेर पाऊल टाकताच हिंदी आणि छत्तीसगढी. या उंबरठ्यावर उभे राहिले की एक प्रश्न पडतो : येथील मराठी माणसाची सर्जनशीलता नेमकी कोणत्या भाषेच्या इतिहासात नोंदवायची?

मराठी येथे प्रथम आली ती सत्तेची भाषा म्हणून. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले. पुढे 1758 ते 1787 बिंबाजी भोसल्यांनी तेथून कारभार केला. दप्तरात मोडी आली, आणि दसऱ्याला सोने वाटण्याची चालही त्यांच्याच काळात रुजली असे मानतात. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. सत्ता गेली, माणसे राहिली. 1956 पर्यंत प्रांताची राजधानी नागपूरच असल्याने कारकून, वकील, शिक्षक यांची ये-जाही चालू राहिली.

या समाजाने घडवलेला सर्वांत मोठा लेखक मात्र मराठीच्या इतिहासात क्वचितच भेटतो. माधवराव सप्रे (1871–1926) यांची मातृभाषा मराठी. जानेवारी 1900 मध्ये पेंड्रासारख्या आडगावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ग्रंथपरीक्षणाला त्यात मानाचे स्थान होते. हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाणारी ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची कथा 1901 मध्ये याच मासिकात आली. 1907 मध्ये नागपुरास त्यांनी ‘हिंदी केसरी’ सुरू केला; टिळकांचा स्वर हिंदीत नेण्याची ती धडपड होती. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. ती सही त्यांना आयुष्यभर डाचली. सार्वजनिक जीवनातून ते बाजूस झाले, रामदासी वळणाने मधुकरी मागून राहिले. या माघारीच्या पर्वानंतर त्यांच्या हातून ‘दासबोध’ हिंदीत उतरला आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ही. अनुवादाला आपण दुय्यम काम म्हणतो. एका खचलेल्या माणसाला त्याने पुन्हा उभे केले, हे विसरून.

गजानन माधव मुक्तिबोधांचे उदाहरण अधिक परिचित आहे. घर मराठी, कविता हिंदी. 1958 पासून अखेरची वर्षे राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि 1979 मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातले दोन कवी आपल्या अभ्यासक्रमांनी दोन विभागांत वाटून टाकले आहेत! उलट दिशेची वाटही आहे : बिलासपुरात जन्मलेले हिंदीभाषक सत्यदेव दुबे मुंबईस गेले आणि मराठी रंगभूमीचे झाले. त्यांना आपण निःसंकोच आपले म्हणतो. सप्रे यांच्या बाबतीत मात्र भाषेची सीमा आठवते.

चौबे कॉलोनीतल्या तालमीत नटांना संवाद मराठी असतात. मध्यंतरात चहा पिताना तीच मंडळी सहज हिंदीत बोलू लागतात, आणि मग कोणीतरी पुन्हा अंक सुरू करायला सांगते.