गॅसला वास कुठून आला?

शेगडीचं बटण जरा सुटं राहिलं की घरभर उग्र वास येतो. खरं तर गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो मुद्दाम मिसळतात.

त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. १८ मार्च १९३७. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावची शाळा. खर्च वाचावा म्हणून शाळेने तेलविहिरींवरचा वायू घेतला होता. तो गळून इमारतीच्या तळाशी साठत गेला. वासच नाही, मग कळणार कसं? एका यंत्राची ठिणगी पडली आणि शाळा कोसळली. सुमारे ३०० जीव गेले, त्यात बहुतेक लेकरंच. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा केला.

आपल्याकडे १९५० च्या दशकात मुंबईत सिलिंडर आले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर ते वाडीवस्तीवर पोचले. त्यांतही असाच वास मिसळलेला असतो.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरतो. वास आला तर काडी ओढू नका. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, पोरांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ ला फोन लावा. रोज झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करायची सवय ठेवा.

त्या लेकरांना इशारा मिळालाच नव्हता. आपल्याला मिळतो. ‘येतो कधीकधी वास’ म्हणून तो सोडून देऊ नका.