डच हार्बर : बंकर कुणाचे, बेट कुणाचं?

आजचा भाग एका टेकडीवरचा आहे. आपले जुने श्रोते जाणतात की मी जहाजावर नोकरी करतो. आशियातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणारी बरीच जहाजं अलास्काच्या अल्यूशियन बेटांजवळून जातात. नकाशावर तो रस्ता वाकडा दिसतो, पण पृथ्वी गोल असल्यामुळे तोच जवळचा पडतो. गेल्या जुलैमध्ये आमचं जहाज दोन दिवस उनालास्काच्या डच हार्बर बंदरात थांबलं आणि मला एक दुपार मोकळी मिळाली.

बंदराला लागूनच माउंट बालीहू नावाचा डोंगर आहे. त्याच्या टोकावर, समुद्रापासून साधारण २७० मीटर उंचीवर, दुसऱ्या महायुद्धातला फोर्ट श्वाटका आहे. वर जायच्या आधी परवाना काढावा लागतो. मला वाटलं, सरकारी खात्याचा असेल. तसं नव्हतं. परवाना देते ती उनालाश्का कॉर्पोरेशन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, उनांगान लोकांची संस्था. जमीन त्यांचीच आहे. जगाने त्यांना 'अल्यूट' म्हटलं, पण ते नाव रशियन व्यापाऱ्यांनी रूढ केलं. ते स्वतःला उनांगान म्हणवतात. हजारो वर्षं ते या बेटांवर राहतायत. कातड्याच्या हलक्या होड्यांतून खवळलेल्या समुद्रात शिकार करायची आणि जमिनीत अर्ध्या खणलेल्या, वर गवताची ढेकळं रचलेल्या घरांत राहायचं, असं त्यांचं आयुष्य होतं.

वर चढलो. वारा असा की टोपी हातातच धरावी लागली. एकही झाड नाही, नुसतं गवत आणि रानफुलं. त्यात तोफांचे काँक्रीटचे ओटे, दारूगोळ्याची कोठारं, टेहळणीची जागा. ३ आणि ४ जून १९४२ ला जपानी विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या विमानांनी या बंदरावर बॉम्ब टाकले. त्याच दिवसांत तिकडे मिडवेची लढाई चालू होती, म्हणून हा हल्ला पुस्तकांत दोन ओळींत संपतो. त्यानंतर लगेच जपानने किस्का आणि अट्टू ही टोकाची बेटं घेतली. मे १९४३ मध्ये अट्टू परत घेताना अमेरिकेचे पाचशेहून जास्त आणि जपानचे दोन हजारांहून जास्त सैनिक मेले.

इथपर्यंतची गोष्ट युद्धपटांसारखी आहे. पण अट्टूवर एक गाव होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? चाळीसेक उनांगान माणसं तिथे राहायची. जपानी सैन्याने त्यांना कैद करून होक्काइदोतल्या ओतारूला नेलं. जवळपास निम्मी तिथेच गेली. जी वाचली, त्यांना युद्धानंतर अमेरिकन सरकारने अट्टूवर परत जाऊ दिलं नाही. ते गाव पुन्हा कधीच वसलं नाही.

आणि बाकीच्या बेटांवरचे? त्यांना त्यांच्याच सरकारने हलवलं. नऊ गावं, ८८१ माणसं. कारण सांगितलं सुरक्षेचं. उनालास्कात तर एका दिवसाचीही मुदत नव्हती. हातात मावेल तेवढं सामान घ्या आणि बोटीत बसा. पण गोऱ्या रहिवाशांना तो हुकूम नव्हता. एक अष्टमांश जरी मूळनिवासी रक्त असेल तर जायचं, असा हिशोब होता. सुरक्षाच हवी होती, तर ती रक्त मोजून कशी द्यायची?

त्यांना ठेवलं आग्नेय अलास्कात, बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यांत आणि एका जुन्या खाणीच्या वसाहतीत. मोकळ्या, झाडं नसलेल्या बेटांवरची ही माणसं दाट, ओल्या जंगलात आली. पाणी खराब, संडास अपुरे, डॉक्टर जवळजवळ नाहीच. दहातला जवळपास एक माणूस तिथे दगावला. जास्त करून म्हातारे आणि लहान मुलं.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या अकुतान बेटावर एक जपानी झीरो विमान चिखलात उलटं पडलेलं सापडलं. ते जपून काढलं, कॅलिफोर्नियाला नेलं, दुरुस्त करून उडवलं. शत्रूच्या यंत्रासाठी कारागीर होते, पैसा होता. छावणीतल्या पोरांसाठी मात्र पुरेसं औषध नव्हतं. १९४३ मध्ये प्रिबिलोफ बेटांवरच्या पुरुषांना परत नेलं, तेही सीलच्या कातड्याचा सरकारी धंदा बुडू नये म्हणून!

उनालास्काचे लोक १९४५ मध्ये परतले, तेव्हा घरं फोडलेली, लुटलेली होती. लुटणारा शत्रू नव्हता, तिथे राहिलेलं आपलंच सैन्य होतं. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेने चूक कबूल केली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला १२ हजार डॉलर दिले. तोवर ४६ वर्षं उलटली होती.

खाली उतरल्यावर गावातलं हिरव्या घुमटांचं रशियन चर्च बघितलं. १८९० च्या दशकातलं, लाकडी. उनांगान लोकांनी हा धर्म आपलासा केला आणि परतल्यावर हे चर्च पुन्हा उभं ठेवलं.

मी परवाना घेतला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं, "वरचं काही उचलून आणू नका." तेव्हा मला तो नेहमीचा नियम वाटला. परत येताना त्या वाक्याचं वजन कळलं. इथून खूप काही उचलून नेलं गेलंय, माणसांसकट. आता निदान त्या बंकरांची किल्ली त्यांच्या हातात आहे, ज्यांना बंकर बांधले जात असताना बोटीत बसवलं होतं.

पुढच्या वेळी कुठल्याही किल्ल्यावर, तळावर, युद्धस्मारकावर गेलात तर तोफांचे फोटो जरूर काढा. पण एक प्रश्नही विचारा : हे बांधायच्या आधी इथे कोण राहत होतं आणि ते कुठे गेले? उत्तर मिळालं तर मला व्हॉइस मेसेज करा, पुढच्या भागात ऐकवतो. तोवर काळजी घ्या. भेटूच!