खाणीतल्या जीन्सची नक्कल

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका जीन्सचा लिलाव झाला. १८८० च्या दशकातली ही जीन्स एका बंद पडलेल्या खाणीत सापडली होती. कापडावर ठिकठिकाणी मेणाचे थेंब होते, कारण तेव्हा खाणीत उजेड मेणबत्तीचा असायचा. मागे एकच खिसा. कमरेला पट्ट्यासाठी लूप नाहीत, त्याऐवजी सस्पेंडर अडकवायला बटणं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ अंधारात पडलेली ही पँट सगळं धरून ८७,४०० डॉलरला विकली गेली.

बातमीत किमतीची चर्चा झालीच, पण माझं लक्ष खिशाच्या अस्तरावर अडकलं. तिथे इंग्रजीत एक जाहिरातवजा ओळ छापलेली होती. तिचा अर्थ असा, की गोऱ्या मजुरांनी बनवलेली जीन्स फक्त हीच. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला, त्या हवेतली ती ओळ. लिवाइजने ती पुढे काढून टाकली.

आता गंमत अशी, की अशा जुन्या जीन्स आणि जॅकेटांची हुबेहूब नक्कल करणं हा आज मोठा आणि अतिशय गंभीरपणे घेतला जाणारा धंदा आहे. त्याला रिप्रॉडक्शन म्हणतात. कुठल्या साली कुठला टाका, कुठलं बटण, कुठला धागा होता, हे शोधून ते तसंच बनवायचं. मी स्वतः अशी एक जीन्स बरीच वर्षं पैसे साठवून घेतली आहे, आणि मला ती आवडते. पण त्या अस्तरामुळे एक प्रश्न पडतो: जुनं तसंच्या तसं बनवायचं म्हणजे नक्की काय काय बनवायचं?

पँटचा चेंजलॉग

जीन्सचा जन्म सहसा २० मे १८७३ ला धरतात. त्या दिवशी अमेरिकन पेटंट क्रमांक १,३९,१२१ मंजूर झालं. कल्पना जेकब डेव्हिसची. हा मूळचा रिगाचा, नेव्हाडातल्या रेनो गावात शिंपीकाम करणारा माणूस. मजुरांच्या पँटींचे खिसे अवजारांच्या ओझ्याने कोपऱ्यात फाटायचे, म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंटसाठी त्याने आपला कापडाचा व्यापारी लिवाय स्ट्रॉस याला भागीदार केलं.

त्यानंतरचा इतिहास कुठल्याही सॉफ्टवेअरच्या चेंजलॉगसारखा वाचता येतो. १९०१ मध्ये मागचा दुसरा खिसा आला, १९२२ मध्ये पट्ट्याचे लूप. १९३६ मध्ये खिशाच्या कडेला लाल कापडी टॅब आला. मागच्या खिशाचे रिव्हेट खुर्च्यांवर आणि घोड्याच्या खोगिरावर ओरखडे काढतात अशा तक्रारी होत्या, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले.

दुसऱ्या महायुद्धातली आवृत्ती सगळ्यात रंजक आहे. सरकारने धातू आणि धागा वाचवायला सांगितलं. छोट्या घड्याळखिशाचे रिव्हेट गेले. मागच्या खिशावरची कमानीसारखी शिलाई म्हणजे निव्वळ सजावट, तिच्यावर धागा घालवायला परवानगी नव्हती. कंपनीने ती चक्क रंगाने काढली. जॅकेटच्या खिशावरची झडप गेली, पाचाची चार बटणं झाली. नाइलाजाने केलेली ही काटकसर आज संग्राहकांच्या लेखी सर्वांत हवीहवीशी आवृत्ती आहे, आणि तिच्या नकलेत ती कमान पुन्हा रंगानेच काढतात.

या चेंजलॉगची सुरुवातीची पानं मात्र जळाली. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत आगी लागल्या, त्यात लिवाइजचं मुख्यालय आणि दप्तर खाक झालं. म्हणून २००१ मध्ये, नेव्हाडातल्या खाणगावात सापडलेली १८८० च्या दशकातली जीन्स ईबेवर आली तेव्हा लिवाइजने ४६,५३२ डॉलर मोजून आपलीच पँट परत विकत घेतली. जुना कोड हरवलेल्या कंपनीने तो ग्राहकाच्या मशिनवरून कॉपी करून आणावा, तसं हे.

कापडात काय होतं?

शिलाईची नक्कल तुलनेने सोपी. खरी अडचण कापडाची.

डेनिममध्ये उभा धागा, म्हणजे ताणा, निळा असतो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, पांढरा. ताण्याचे शेकडो धागे एकत्र करून त्यांचे जाड दोर करतात आणि ते निळीच्या हौदात बुडवून वर हवेत काढतात. हौदात धागा हिरवट पिवळा दिसतो, हवा लागली की निळा होतो. असं पुन्हा पुन्हा. निळ धाग्याच्या पृष्ठभागावरच बसते, गाभा पांढरा राहतो. जीन्स वापरताना वरची निळ झिजते आणि आतला पांढरा दिसू लागतो. म्हणून मांडीवरच्या चुण्या, गुडघ्यामागच्या घड्या, खिशातल्या वस्तूचा चौकोन, असं सगळं कापडावर उमटतं.

जुनं डेनिम धोट्याच्या मागावर विणलं जायचं. धोटा आडवा धागा घेऊन एका टोकाकडून दुसरीकडे जातो, वळतो, परत येतो. धागा वळल्यामुळे कापडाचा काठ आपोआप बंद होतो. सेल्व्हेज म्हणतात तो हाच काठ. त्यात लाल धागा घातला की झाली ती प्रसिद्ध लाल रेघ. पण हा माग सावकाश चालतो आणि कापड जेमतेम तीसेक इंच रुंद निघतं. नंतर बिनधोट्याचे माग आले. वेग कितीतरी पट, रुंदी दुप्पट, काठाला धागे कापलेले. ज्याला हिशोब कळतो तो नवाच माग घेणार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लिवाइजच्या नेहमीच्या जीन्समधून तो काठ गेला.

त्याच्याबरोबर आणखी काहीतरी गेलं. जुन्या सुतात आणि विणीत थोडा अनियमितपणा असायचा. कुठे धागा जाड, कुठे बारीक. त्यामुळे रंग विटायचा तो उभ्या, तुटक रेघांसारखा. नव्या यंत्रांनी हा दोष काढून टाकला आणि कापड एकसारखं, सपाट विटू लागलं.

दोष परत आणणारे लोक

तो दोष परत आणायचं काम जपानने केलं. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या वापरलेल्या जीन्स तोक्योच्या उएनो भागातल्या बाजारात विकायला यायच्या. तिथून ती आवड लागली. ओकायामा प्रांतातलं कोजिमा हे शाळेचे गणवेश शिवणारं गाव. तिथल्या मारुओ कंपनीने १९६५ मध्ये अमेरिकेहून डेनिम मागवून कँटन नावाने जीन्स शिवायला घेतली. जपानी शिलाई यंत्रांना ते जाड कापड झेपेना, म्हणून यंत्रंही अमेरिकेतूनच आणली. कुराबो गिरणीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशी डेनिम काढलं, त्याचं नाव केडी-८. इंडिगोने रंगवलेलं पारंपरिक कासुरी कापड बनवणाऱ्या काइहाराने दोररंगाईचं तंत्र बसवलं.

मग आली वेड्यांची पिढी. १९७९ मध्ये स्टुडिओ डार्टिझान, पुढे डेनिम नावाचाच एक ब्रँड, १९९१ मध्ये हिदेहिको यामानेचा एव्हिसू, मग फुल काउंट आणि वेअरहाउस. ओसाका आणि आसपासच्या या पाच नावांना मिळून ‘ओसाका फाइव्ह’ म्हणतात. १९४० आणि ५० च्या दशकांतल्या जीन्स उसवायच्या, धाग्याची जाडी आणि पीळ बघायचा, मग गिरणीवाल्याला पटवायचं की अगदी असंच वाईट सूत काढून दे. आमच्या भाषेत याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. आजही काही गिरण्यांमध्ये आधुनिक यंत्राला कुठे धागा जाड करायचा हे प्रोग्रॅम करून सांगतात. त्यातही गोम आहे. तोच क्रम लवकर परत आला तर डोळ्याला नक्षी जाणवते. खरा गोंधळ यंत्राकडून करून घेणं किती अवघड असतं, हे रँडम नंबरशी झगडलेल्या कुणालाही विचारा.

पायाच्या दुमडीचं उदाहरण तर क्लासिक आहे. जुन्या जीन्सच्या दुमडीवर पीळ घातलेल्या दोरीसारखी तिरकी झीज दिसते. ती येते युनियन स्पेशल ४३२०० जी या शिलाई यंत्राच्या एका खोडीमुळे: ते कापड किंचित तिरकं ओढतं. यंत्राचं उत्पादन केव्हाच थांबलं. जगभरची जीन्सची दुकानं त्या एका खोडीसाठी ही जुनी यंत्रं शोधून, दुरुस्त करून ठेवतात.

या इतिहासात एक लोकप्रिय दंतकथाही आहे: अमेरिकेने आपले जुने माग जपानला विकले, म्हणून जपानी डेनिम भारी. प्रत्यक्षात जपानी गिरण्या वापरतात ते माग प्रामुख्याने जपानीच, तोयोदा आणि साकामोतोचे. साकिची तोयोदाने १९२४ मध्ये न थांबता धोटा बदलणारा माग बनवला, १९२९ मध्ये त्याच्या हक्कांचा करार इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सशी झाला, आणि पुढे त्याच कारखान्यात मोटार विभाग सुरू होऊन टोयोटा उभी राहिली.

२००७ च्या सुमारास लिवाइजने टॅब आणि कमानीच्या शिलाईवरून काही जपानी ब्रँडना अमेरिकेत कोर्टात खेचलं. कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. पण उत्तर कॅरोलिनातली व्हाइट ओक गिरणी, जिने १९१५ पासून लिवाइजला कापड पुरवलं, ती ३१ डिसेंबर २०१७ ला बंद पडली. विंटेजची मागणी वाढल्यावर या गिरणीनेही आपले जुने ड्रेपर माग पुन्हा चालवले होते. तरी ती वाचली नाही. दोनशेच्या आसपास कामगार घरी गेले. मूळ वस्तू कशी बनते याचं हातातलं ज्ञान आज बऱ्याच अंशी नक्कल करणाऱ्यांकडे आहे.

जुनं दिसायची घाई

ज्यांना वर्षानुवर्षं जीन्स झिजवायला वेळ नाही, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता निघाला: नवी जीन्स कारखान्यातच जुनी करायची. दाबाच्या हवेने कापडावर वाळू मारायची, की मांडी झटक्यात विटते. तुर्कस्तानात हे काम बंद खोल्यांत, धड मास्क न देता तरुण पोरांकडून करून घेतलं गेलं. वाळूतली सिलिका फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. त्यावर बरं करणारं औषध नाही. सहसा वर्षानुवर्षं काम केल्यावर दिसणारा हा रोग तिथे काही महिन्यांत, दोन-चार वर्षांत दिसू लागला, आणि विशीतली मुलं मेली. २००९ मध्ये तुर्कस्तानने या पद्धतीवर बंदी घातली. २०१० मध्ये लिवाइज आणि एचअँडएमने ती सोडल्याचं जाहीर केलं. त्यानंतरही बांगलादेशात ती चालू असल्याचे अहवाल आले.

सिलिकोसिस हा खाणकामगारांचा जुना रोग आहे. खाणकामगाराच्या पँटची नक्कल करता करता त्याच्या रोगाचीही नक्कल झाली.

आमच्याकडचा धोटा

माझं आजोळ इचलकरंजीचं. १९०४ मध्ये तिथे विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला असं गावात सगळे सांगतात. माझ्या मामांकडे साधे माग आहेत. मी माझ्या जीन्सचा काठ दाखवून किंमत सांगितली, तेव्हा ते हसले. “हा काठ होय? हा आपल्या मागावर फुकटच येतो की रे.” मग कापड चिमटीत धरून म्हणाले, “पण एवढं जाड आपल्या मागाला झेपायचं नाही.”

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोजिमात ज्या धोट्याच्या मागाचं कौतुक करायला पर्यटक येतात, त्याच जातीचा माग इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत मागासलेपणाची खूण मानला जातो. सरकारी अनुदान बिनधोट्याच्या मागाला मिळतं, जुना माग भंगारात किलोवर जातो. तो चालवणाऱ्याला मजुरी मीटरवर, आणि कानाचं नुकसान वेगळं. मामांचा फिटर नुसत्या आवाजावरून कुठला भाग झिजलाय ते ओळखतो. कोजिमात असता तर त्याच्यावर माहितीपट निघाला असता.

पण जुन्या मागाच्या प्रेमात वाहून जाण्याआधी आपल्याकडचंही एक अस्तर उलटून बघायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. त्यावर लाळ लागते, म्हणून सवर्ण कामगार दलितांना विणाई खात्यात येऊ देत नसत. आणि चांगली मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. आमच्या कापडावर तसं काही छापलेलं नव्हतं, एवढाच फरक.

आम्ही प्रोग्रॅमर ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड वापरतो. कोडची कुठली ओळ कुणी लिहिली, ते ती सांगते. जीन्सच्या प्रत्येक टाक्याचा चेंजलॉग आपल्याकडे आहे. तो टाका कुणी घातला आणि कुणाला घालू दिला नाही, हे क्वचितच नोंदलेलं असतं. खाणीतल्या त्या पँटवर ते चुकून छापलं गेलं आणि मेणाच्या डागांबरोबर टिकलं. रिप्रॉडक्शन करणाऱ्यांनी ती ओळ पुन्हा छापावी असं मी अजिबात म्हणणार नाही. पण धाग्याचा पीळ मोजणाऱ्या, रिव्हेटच्या तांब्यावर रात्रभर वाद घालणाऱ्या आम्हा लोकांना कापड विणणाऱ्याची मजुरी किती, हा प्रश्न विचारायला जड जाऊ नये.

माझ्या जीन्ससोबत आलेल्या कार्डावर मागाचं नाव आहे, कापसाचं आहे, गिरणीचंही आहे. माग चालवणाऱ्याच्या नावासाठी कार्डाच्या मागच्या बाजूला भरपूर कोरी जागा आहे.