दीर्घकालीन विषाक्ततेच्या पेशीआधारित चाचण्या

एखादे रसायन अल्प प्रमाणात, पण आठवडे, महिने किंवा वर्षानुवर्षे शरीरात जात राहिल्यास कोणती हानी होईल, याचा अंदाज प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरून बांधण्याच्या पद्धतींना दीर्घकालीन विषाक्ततेच्या पेशीआधारित चाचण्या म्हणतात. औषधे, कीडनाशके, खाद्यरंग, सौंदर्यप्रसाधनांतील घटक आणि औद्योगिक रसायने यांच्या सुरक्षिततेची तपासणी परंपरेने उंदीर, घुशीवर्गीय प्राणी, कुत्रे व माकडे यांच्यावर केली जाते. त्यांपैकी त्वचेची जळजळ, डोळ्यांची इजा किंवा प्रकाशामुळे होणारी विषबाधा अशा अल्पकालीन परिणामांसाठी पेशींवरील चाचण्या आता मान्यता पावल्या आहेत. दीर्घकालीन परिणामांबाबत मात्र प्राण्यांवरील चाचणीची जागा एकट्याने घेऊ शकेल अशी पेशीआधारित पद्धत अद्याप उपलब्ध नाही.

पार्श्वभूमी

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) रसायनांच्या चाचण्यांसाठी क्रमांकित मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या आहेत. मार्गदर्शिका ४०७ मध्ये २८ दिवसांची, ४०८ मध्ये ९० दिवसांची, ४५२ मध्ये दीर्घकालीन विषाक्ततेची आणि ४५१ मध्ये कर्करोगजनकतेची चाचणी दिली आहे. कर्करोगजनकतेच्या चाचणीत तीन मात्रागट व एक नियंत्रण गट असतो आणि प्रत्येक गटात किमान ५० नर व ५० माद्या असतात. म्हणजे एका रसायनासाठी एकाच प्रजातीचे किमान ४०० प्राणी लागतात. उंदरांच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, ही चाचणी साधारण दोन वर्षे चालते. त्यानंतर प्रत्येक प्राण्याच्या अवयवांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागत असल्याने खर्च व कालावधी दोन्ही वाढतात. वापरात असलेल्या हजारो रसायनांपैकी थोड्यांचीच अशी तपासणी होऊ शकली, यामागे हे एक मोठे कारण आहे.

दुसरा प्रश्न प्रजातीभेदाचा आहे. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील डी-लिमोनीन या द्रव्यामुळे नर रॅटच्या मूत्रपिंडात गाठी झाल्या. पुढे त्यामागचे कारण नर रॅटमध्ये विपुल प्रमाणात असणारे अल्फा-२यू-ग्लोब्युलिन हे प्रथिन असल्याचे दिसून आले. माणसाच्या मूत्रपिंडात ही प्रक्रिया घडत नाही. सॅकरिनमुळे रॅटच्या मूत्राशयात झालेल्या गाठींचे स्पष्टीकरणही रॅटच्या मूत्राच्या विशिष्ट घटनेत सापडले आणि २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने सॅकरिनचे नाव कर्करोगजनकांच्या यादीतून वगळले. ही उदाहरणे निष्पाप पदार्थ दोषी ठरल्याची आहेत. याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो व त्याचे उदाहरण पुढे दिले आहे.

प्राण्यांचा वापर कमी करण्याच्या विचाराला विल्यम रसेल व रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या १९५९ मधील ग्रंथाने चौकट दिली. पर्याय शोधणे, संख्या घटवणे व वेदना कमी करणे ही त्यांची तीन तत्त्वे आज जगभरातील प्राणीप्रयोगविषयक नियमांचा पाया आहेत. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एकविसाव्या शतकातील विषाक्तता चाचण्यांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. अखेरच्या लक्षणांची वाट पाहण्याऐवजी मानवी पेशींतील जैविक मार्ग कोठे विस्कळीत होतात हे पाहावे, असे त्यात सुचवले होते. टॉक्सकास्ट व टॉक्स२१ हे अमेरिकी कार्यक्रम याच दिशेचे असून त्यांत हजारो रसायने यंत्रमानवांच्या साहाय्याने शेकडो पेशी-चाचण्यांतून नेली गेली.

पेशी टिकवण्याचा प्रश्न

दीर्घकालीन परिणाम पाहायचे तर पेशी दीर्घकाळ जिवंत राहणे पुरेसे नसते. त्यांनी आपले मूळ काम करत राहणेही आवश्यक असते. यकृताच्या पेशींबाबत ही अडचण ठळकपणे दिसते. माणसाच्या यकृतातून काढलेल्या ताज्या पेशी सपाट तबकडीत वाढवल्या, तर त्यांतील सायटोक्रोम पी४५० गटाच्या विकरांची क्रियाशीलता काही दिवसांतच झपाट्याने घटते. शरीरात आलेल्या बहुतेक रसायनांचे रूपांतर हेच विकर करतात. पॅरासिटामॉल मोठ्या मात्रेत घेतल्यास यकृताला होणारी इजा मुख्यतः पॅरासिटामॉलची नसून या विकरांनी त्यापासून तयार केलेल्या क्रियाशील पदार्थाची असते. विकर गमावलेल्या पेशींवर अशा पदार्थाची चाचणी घेतली तर तो निर्धोक भासू शकतो.

गाठींपासून मिळवलेले पेशीवंश अमर्याद वाढतात, परंतु त्यांतील हेपजी२ सारख्या नेहमीच्या पेशीवंशात हे विकर अत्यल्प असतात. फ्रान्समध्ये विकसित झालेला हेपाआरजी हा पेशीवंश याला बऱ्याच अंशी अपवाद ठरला. २००२ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. सुमारे चार आठवड्यांच्या संवर्धनानंतर, त्यांतील उत्तरार्धात डायमिथाइल सल्फॉक्साइड घातल्यावर, या पेशी यकृतपेशी व पित्तनलिकेच्या पेशी अशा दोन रूपांत वेगळ्या होतात आणि विकरांची क्रिया पुढे काही आठवडे टिकवतात. प्रेडिक्ट-आयव्ही या युरोपीय प्रकल्पात हेपाआरजी, मानवी यकृतपेशी व मूत्रपिंडाच्या नलिकेतील पेशींना १४ दिवस रोज औषध देऊन परिणाम अभ्यासले गेले. यात औषधाचे द्रावणातील प्रमाण गृहीत न धरता पेशींत प्रत्यक्ष किती साठते तेही मोजण्यात आले. तबकडीच्या प्लास्टिकला काही औषधे चिकटून बसत असल्याने ही खबरदारी वाटते त्यापेक्षा महत्त्वाची असते.

दुसरा मार्ग त्रिमितीय संवर्धनाचा आहे. पृष्ठभागाला चिकटू न देता यकृतपेशी एकत्र येऊ दिल्या की त्यांचे सूक्ष्म गोलक तयार होतात. त्यांना स्फेरॉइड म्हणतात. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये असे गोलक पाच आठवड्यांपर्यंत कार्यक्षम ठेवता येतात असे दाखवले. अवयव-चिप या तिसऱ्या प्रकारात पारदर्शक चिपमधील केसाएवढ्या वाहिन्यांतून पोषणद्रव सतत वाहता ठेवला जातो आणि पेशींना शरीरातल्यासारखा प्रवाह व ताण मिळतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या वीस संस्थेतील फुप्फुस-चिप २०१० साली प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर या क्षेत्राला वेग आला.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींपासून बहुविध क्षमतेच्या मूळपेशी तयार केल्या. त्यांपासून हृदय, मेंदू, यकृत यांच्या पेशी घडवता येतात. हृदयपेशींचे आकुंचन तबकडीतही दिसत असल्याने डॉक्सोरुबिसिनसारख्या कर्करोगविरोधी औषधांचा हृदयावरील परिणाम अशा पेशींवर अभ्यासला जातो. मूळपेशींपासून बनवलेल्या यकृतपेशी मात्र गर्भावस्थेतील पेशींशी अधिक मिळत्याजुळत्या राहतात.

फियालुरिडीन प्रकरण

दीर्घकालीन चाचण्यांच्या चर्चेत ज्याचा उल्लेख वारंवार होतो ते औषध म्हणजे फियालुरिडीन. यकृतदाहाच्या ब प्रकारावरील या औषधाची चाचणी १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांत १५ रुग्णांवर चालू होती. त्याआधी उंदीर, कुत्रे व माकडे यांच्यावरील अभ्यासांत यकृताला धोका दिसला नव्हता. सुरुवातीचे आठवडे रुग्णांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण घटत गेले व औषध उपयोगी वाटले. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाचे यकृत निकामी होऊ लागल्यावर चाचणी तातडीने थांबवण्यात आली. तोवर झालेले नुकसान मात्र पुढेही वाढत राहिले. एकूण सात रुग्णांचे यकृत निकामी झाले, त्यांपैकी पाच जण दगावले आणि दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले.

हे औषध पेशींतील तंतुकणिकांच्या डीएनएमध्ये हळूहळू शिरते व ऊर्जानिर्मिती बंद पाडते. मानवी तंतुकणिकांच्या आवरणात ईएनटी१ हे वाहक प्रथिन असते आणि ते औषधाला आत नेते. उंदरांच्या तंतुकणिकांत ते या ठिकाणी आढळत नाही. त्यामुळे मात्रा किंवा कालावधी वाढवूनही नेहमीच्या उंदरावरील चाचणीत हा धोका दिसण्याची शक्यता कमी होती. मानवी यकृतपेशींचे रोपण केलेल्या उंदरांत २०१४ साली तो दिसून आला.

पेशी-चाचण्यांच्या दृष्टीने यातील बोधप्रद भाग वेगळाच आहे. मानवी यकृतपेशी एक-दोन दिवस या औषधात ठेवल्या तर फारसे काही घडत नाही. त्याच पेशींच्या गोलकांना काही आठवडे पुन्हापुन्हा औषध दिल्यावर मात्र विषाक्तता स्पष्ट होते. मानवी पेशी वापरणे आणि त्या पुरेसा काळ वापरणे या दोन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्याशिवाय हा परिणाम सापडत नाही.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८७० यकृत-चिप वापरून २७ औषधे तपासण्यात आली. त्यांतील यकृताला घातक औषधांपैकी ८७ टक्के चिपने ओळखली आणि निर्धोक औषधांपैकी एकही घातक ठरवले नाही. हा अभ्यास चिपच्या उत्पादक कंपनीने केला होता आणि तो एकाच अवयवापुरता होता, हे हे आकडे वाचताना लक्षात घ्यावे लागते.

कर्करोगजनकता

डीएनएला इजा करणारी रसायने ओळखण्यासाठी ब्रूस एम्स यांनी विकसित केलेली जिवाणूंवरील चाचणी १९७० च्या दशकापासून वापरात आहे. सर्वच कर्करोगजनके डीएनएला थेट इजा करत नाहीत, त्यामुळे काही तिच्यातून निसटतात. पेशी-रूपांतरण चाचणी ही उणीव काही अंशी भरून काढते. सीरियन हॅमस्टरच्या भ्रूणपेशी रसायनाच्या संपर्कात आल्यावर त्यांच्या वसाहती सुव्यवस्थित न वाढता एकमेकींवर आडव्यातिडव्या चढतात, हे बेरवाल्ड व सॅक्स यांनी १९६३ साली नोंदवले होते. उंदरांच्या भास ४२ या पेशीवंशावरही अशी चाचणी घेता येते. ओईसीडीने या दोन्हींवर अनुक्रमे २०१५ व २०१६ मध्ये मार्गदर्शक दस्तऐवज काढले, परंतु त्यांना पूर्ण चाचणी-मार्गदर्शिकेचा दर्जा दिला नाही. रूपांतरित वसाहत ओळखणे बरेचसे निरीक्षकाच्या नजरेवर अवलंबून असते, हा यावरील मुख्य आक्षेप आहे.

मात्रेचे रूपांतर

पेशी किती तीव्रतेच्या द्रावणात मरतात हे कळले, तरी त्यावरून माणसाने रोज किती मिलिग्रॅम सेवन करणे सुरक्षित आहे हे थेट सांगता येत नाही. त्यासाठी शोषण, रक्तातील प्रथिनांशी जोडले जाणे, यकृतातील रूपांतर व मूत्रावाटे उत्सर्जन यांची गणिती प्रतिमाने वापरून उलट दिशेने हिशेब करावा लागतो. आरंभीच्या रेणवीय घटनेपासून अवयवाच्या हानीपर्यंतची साखळी मांडण्याचा ओईसीडीचा कार्यक्रम २०१२ पासून चालू आहे. अशी साखळी ठाऊक असल्यास यकृतातील तंतुमयता निर्माण होण्याची वाट न पाहता तिच्याकडे नेणारा आधीचा बदल मोजणे शक्य होते.

मर्यादा

तबकडीत संप्रेरकांचे चक्र, रोगप्रतिकारक संस्था, मज्जासंस्था व वार्धक्य नसते. पाच आठवडे हा पेशींच्या दृष्टीने मोठा काळ असला, तरी वीस वर्षे शेतात कीडनाशक फवारणाऱ्या माणसाच्या संपर्काशी त्याची तुलना होत नाही. अनेक अवयवांच्या चिप एकमेकींना जोडण्याचे प्रयोग झाले आहेत, पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांत सारखाच निकाल मिळणे कठीण जाते. यकृतपेशींचे दाते वेगळे असले की निकालही बदलतात. शिवाय पेशींच्या पोषणद्रवात गायीच्या गर्भाचे रक्तद्रव सर्रास घातले जाते, त्यामुळे अशा चाचण्यांना प्राणीमुक्त म्हणणे पुष्कळदा अचूक ठरत नाही. रासायनिक घटना निश्चित असलेले पर्यायी पोषणद्रव उपलब्ध आहेत, मात्र ते प्रत्येक पेशीप्रकाराला मानवत नाहीत.

नियामक स्थिती

युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची प्राण्यांवरील चाचणी २००९ मध्ये बंद केली. पुनरावृत्त मात्रेची विषाक्तता व प्रजननविषयक विषाक्तता यांसाठी पर्याय नसल्याने अशा चाचण्या अन्यत्र करून आणलेल्या मालाच्या विक्रीला ११ मार्च २०१३ पर्यंत सवलत होती. पर्याय तयार झालेले नसतानाही ही मुदत वाढवली गेली नाही. या पेचातून मार्ग काढण्यासाठी युरोपीय आयोग व प्रसाधन उद्योग यांनी मिळून २०११ ते २०१५ या काळात स्यूरॅट-१ हा संशोधन कार्यक्रम राबवला. त्यातून एकच पर्यायी चाचणी निघाली नाही. पेशी-चाचण्या, संगणकीय अंदाज आणि रचनेने जवळच्या रसायनांची उपलब्ध माहिती एकत्र वापरण्याची पद्धत मात्र पुढे आली.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची वैधानिक सक्ती काढून पेशी-चाचण्या, अवयव-चिप व संगणकीय प्रतिमाने ग्राह्य धरली. प्राण्यांवरील चाचण्यांवर यामुळे बंदी आलेली नाही.

भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आणि अशी चाचणी झालेल्या प्रसाधनांची आयात या दोन्हींवर २०१४ मध्ये बंदी घालण्यात आली. २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवर आधारित पद्धतींना स्थान मिळाले. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशातील संशोधन संस्थांना पेशीवंश पुरवणारे भांडार चालवते. कीडनाशकांच्या नोंदणीसाठी मात्र भारतासह बहुतेक देशांत दीर्घकालीन प्राणी-अभ्यास अजूनही मागितले जातात.