कुष्ठरुग्णांच्या पायांचे मधुमेहींवरील ऋण

१९४९ साली बाबा आमटे यांनी तत्कालीन चांदा जिल्ह्यातील वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्यातून आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात, अशी त्या काळी सर्वदूर समजूत होती.

त्याच सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड वेगळ्याच निष्कर्षाप्रत येत होते. या रोगात मज्जातंतू निकामी होऊन पाय बधिर होतो. खिळा, काटा, निखारा, चावणारी चप्पल, काहीच कळत नाही. माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाऊल झिजते. म्हणून उपचार होता दाब काढण्याचा: आधी प्लास्टर, मग मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल. औषधापेक्षा चांभारकामाच्या जवळचा, आणि तरीही विलक्षण परिणामकारक!

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेहींच्या बधिर तळव्यांवर त्यांना तशीच व्रणे दिसली. तळव्याला सर्व बाजूंनी चिकटून बसणारे प्लास्टर तेथूनच मधुमेह-उपचारात रुजले. समाजाने गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांचे हे ऋण मधुमेहाच्या इतिहासात ठळकपणे नोंदले जायला हवे.

मात्र हे साम्य एका ठिकाणी तुटते. कुष्ठरुग्णाच्या पायातील रक्तप्रवाह बहुधा शाबूत असतो. विश्रांती मिळाली की जुनी जखमही भरते. मधुमेहात मज्जातंतूंबरोबर धमन्याही बिघडतात, विशेषतः गुडघ्याखालच्या. रक्तच न पोहोचणाऱ्या पायाला घट्ट प्लास्टर घातले, तर तो वाचण्याऐवजी जाऊ शकतो. त्यातही फसगत अशी की, रक्त कमी पडल्यावर चालताना पोटरीत उठणारी कळ बधिरपणामुळे जाणवतच नाही. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर धमनी अरुंद झाल्याचे समजतात. परंतु मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो.

धमनी मोकळी करण्याची वाटही याच काळात सापडली. १९४८ मध्ये पॅरिसला जाँ कुनलँ यांनी रुग्णाचीच शीर जोडून रक्ताला वळणमार्ग दिला. १९६४ मध्ये पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी पाय कापू देण्यास नकार देणाऱ्या एका ८२ वर्षांच्या वृद्धेची मांडीतील धमनी आतून नळी घालून रुंदावली. तिचा पाय वाचला.

आता या जंगलपट्ट्याकडे पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम अनेक घरांना रोख पैसा देतो. तो पत्ता विडीत जातो आणि धूम्रपान हे पायाच्या धमन्या अरुंद होण्याचे एक प्रमुख कारण आहे. पावलाच्या वरच्या अंगाची नाडी दोन बोटांनी चाचपता येते, त्याला यंत्र लागत नाही. ती लागली नाही, तर मात्र धमनीच्या पुढील उपचारासाठी भामरागडच्या रुग्णाला बहुधा नागपूरच गाठावे लागते, म्हणजे तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, तोही जखमी पायाने.